रहाडीच्या रंगाने दाखवलेली भिंत

रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच काकूंचा फोन, "अरे, रहाडीच्या गर्दीत पोरांनी भिंतीवर बादल्या ओतल्यात, तुझं ते पाण्याचं मशीन आण आणि तेवढा रंग धुऊन दे." रहाड म्हणजे आमच्या नाशिकला रंगपंचमीला रंगाच्या पाण्याने भरतात तो जुना हौद. तिथल्याच तिवंध्याजवळच्या गल्लीतला काकूंचा जुना वाडा आहे, जोतं काळ्या दगडाचं आणि वर पातळ विटांचं चुन्यातलं बांधकाम. चार वर्षांपूर्वी मुलाच्या लग्नाआधी त्यांची बाहेरची सगळी भिंत साफ करून वॉटरप्रूफ मीच करून दिली होती. त्या कामाचे फोटो मी आजही नवीन गिऱ्हाइकाला दाखवतो, म्हणजे दाखवायचो.

गल्लीत शिरलो आणि गाडीवरच थांबलो. वरच्या भागात रंग नुसता ओघळून गेला होता पण कमरेच्या खाली गुलाबी चट्टेच चट्टे, कुठे हाताएवढे कुठे अख्खी परात बसेल एवढे. लगेच कळलं काय झालंय ते. जिथे माझं कोटिंग शाबूत होतं तिथे रंग टिकला नाही आणि जिथे फुटलं होतं तिथे विटेने तो पिऊन टाकला. एरवी त्या चकाकीत हे दिसलंच नसतं. एका चट्ट्यावर बोट दाबलं तर विटेचा आख्खा पापुद्रा हातात आला, मागे पांढरा लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेला क्षार, आणि त्याच्या मागे वीट चक्क ओली, मार्च महिन्यात!

काय केलं होतं मी तेव्हा? शेवाळ आणि डाग लवकर जावेत म्हणून पाण्यात ॲसिड घालून धुतलं. काळ्या दगडाला त्याने फारसं काही होत नाही, पण दगडाच्या सांध्यातला चुना ॲसिडमध्ये विरघळतो, फसफसताना मी डोळ्याने बघितला होता आणि मला वाटलं मळ निघतोय. शिवाय त्यातून क्षार तयार होतात ते भिंतीतच मुरतात. मग पोकळ झालेल्या दर्जा, म्हणजे सांध्यांच्या फटी, सिमेंटने भरल्या, सिमेंट त्या जुन्या विटेपेक्षा कडक, आणि वरून ॲक्रिलिकचं चमकणारं कोटिंग मारलं. वर्षानुवर्षं भिंतीतलं पाणी चुन्याच्या सांध्यातून उडून जात होतं, ती वाटच मी बंद केली. पाणी आतच अडकलं, सुकताना कोटिंगच्या मागे क्षाराचे खडे धरले आणि त्यांनी विटेचं तोंड बाहेर ढकललं.

पाणी येतं कुठून तेही त्याच दिवशी बघितलं. गल्लीचं काँक्रीट झालं तेव्हा रस्ता वर आला, जोत्याचे तीन थर दिसायचे तिथे आता एकच दिसतो, त्यामुळे पावसाचे शिंतोडे सरळ विटेवर. त्यात वरच्या पन्हळीचा पाईप सांध्यात निसटलेला. म्हणजे मूळ दुखणं पाईपचं आणि मी औषध दिलं भिंतीला.

काकूंना म्हटलं, "काकू, हे माझ्यामुळे झालंय." त्या जरा वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "आतल्या खोलीत तेव्हापासूनच कुबट वास येतो, गाद्या दमट होतात. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही रे." हे मला ॲसिडपेक्षा जास्त लागलं, खरंच.

मशीन गाडीवरून उतरवलंच नाही. आधी प्लंबर बोलावून पाईप नीट केला. मग माझ्या खर्चाने काम. कोटिंग काढायला जेल लावून नायलॉनच्या ब्रशने हळूहळू, तेही आधी कोपऱ्यात वीतभर जागेवर ट्राय करून. सिमेंटच्या दर्जा हातछिन्नीने काढल्या, ग्राइंडरला हात लावू दिला नाही कारण ग्राइंडर विटेची कड खातो. लोणा पाण्याने धुवायचा नाही, पाणी मारलं की तो विरघळून परत आत जातो, म्हणून कोरड्या ब्रशने झाडून गोळा केला. जिथे फारच होता तिथे कागदाचा लगदा साध्या पाण्यात भिजवून थापला आणि वाळल्यावर काढला, लगद्यावर क्षाराची पांढरी साय आलेली. रंग पण बराचसा त्यातच निघाला, उरला तो राहू दिला. एप्रिलभर सांधे उघडे ठेवून भिंत वाळवली आणि मग चुना-सुर्खीने (सुर्खी म्हणजे विटेची भुकटी) दर्जा भरल्या. आमचे म्हातारे मिस्त्री रोज सकाळ-संध्याकाळ गोणपाट ओलं करून टाकायचे, मे महिन्याच्या उन्हात चुना लवकर सुकला की भुसभुशीत होतो.

शेवटी सायलेन-सायलोक्सेन, म्हणजे पाणी झटकणारं द्रव, पण फक्त वर पश्चिमेच्या बाजूला, जिथे पावसाचा मारा बसतो आणि भिंत खणखणीत कोरडी होती तिथेच. हे विटेत मुरतं, वर पापुद्रा धरत नाही, पाणी बाहेरून आत घेत नाही पण आतली वाफ बाहेर जाऊ देतं. खालच्या ओल्या भागाला काहीही लावलं नाही. काकूंचा मुलगा म्हणाला, "दादा, खाली पण मारून टाका ना, एकसारखं दिसेल." नाही म्हटलं.

जूनमध्ये पहिला पाऊस झाला तेव्हा मुद्दाम जाऊन बघितलं, खालचे थर भिजून काळपट झाले होते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत विटेच्या रंगावर आले. लोणा अजून येतो, आता सांध्यांवर येतो, विटेवर नाही. पंधरा दिवसांनी एकदा कोरडा ब्रश घेऊन जातो.