आधी तार, मग कुऱ्हाड

रब्बी निघाली, रान रिकामं झालं. आता बांधाकडे काणाडोळा करायला सबब नाही. तारकुंपणात वेडी बाभूळ, बोर आणि कडुनिंब एकमेकांत गुंतलेत. यातलं एकही कुणी लावलेलं नाही. तारेवर बसणाऱ्या पाखरांकडून बोर-निंबाच्या बिया खाली पडतात, आणि वेड्या बाभळीच्या शेंगा शेळ्यामेंढ्यांच्या पोटातून बांधभर पसरतात. म्हणून झाडं नेमकी तारेच्या ओळीतच येतात.

तोडणं हा यातला सोपा भाग. दिवस खाते ती तार. खोड जाड होताना काटेरी तार पोटात घेतं, साल वरून मिटते आणि आत काय आहे ते दिसतच नाही. तिथे चेनसॉ टेकला की साखळीचे दात गेले, शिवाय तारेचा तुकडा उडून अंगावर. तार खोडात शिरते त्या जागेच्या वीतभर वर आणि वीतभर खाली कापावं. मधला ओंडका तारेतच राहू द्यावा, पुढे नवी तार ओढताना निघेल. तार तोडणं भागच असेल तर आधी दोन्ही बाजू खांबांना आवळून घ्याव्यात. नाहीतर ताणलेलं टोक तोंडावर येतं.

झाड रानाच्या बाजूला पाडावं. त्या बाजूने खोडाच्या जाडीच्या पाव हिश्श्यापर्यंत खाच, मग मागून खाचेपेक्षा दोन बोटं वर काप. मध्ये जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढी पट्टी शाबूत ठेवायची. झाड तिच्यावरच वळतं. फांद्या विजेच्या तारांपर्यंत गेल्या असतील तर लाइन बंद करून घेतल्याशिवाय कुऱ्हाडीला हात लावू नये.

खरी मेख बुंध्यात आहे. वेडी बाभूळ जमिनीलगत कापली की पावसाळ्यात त्याच बुडातून झुबकाच्या झुबका फुटतो, कारण फुटव्याचे डोळे मातीच्या जरा खाली असतात. म्हणून बुंधा कमरेएवढा ठेवायचा, भोवती पहार-टिकावाने फूटभर खणायचं, आडवी मुळं तोडायची आणि त्याच बुंध्याचा दांड्यासारखा उपयोग करून झाड हलवत उपटायचं. बोर आणि निंबही पुन्हा फुटतात. गावठी बाभूळ त्या मानाने क्वचितच फुटते, तिला एवढी मेहनत नको. बुंध्यावर मीठ किंवा डिझेल ओतायची टूम आहे. त्याने माती बिघडते.

जेसीबी लावला तर काम झटपट होतं, पण बांध उकरला जातो, हद्दीचा दगड सरकतो आणि पहिल्या मोठ्या पावसात बांध फुटतो. मग शेजाऱ्याशी वाद. बांध सामाईक असेल तर त्याला आधीच विचारलेलं बरं. आंबा, चिंच, जांभूळ, साग, मोह, खैर, चंदन ही झाडं महाराष्ट्राच्या 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत. स्वतःच्या रानातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत.

काट्या कुंपणाजवळ पेटवू नयेत. आचेने तारेवरचा जस्ताचा थर जातो आणि गंज चढतो. बेचक्याने ढकलत त्या जिथे तार तुटकी आहे तिथे रचाव्यात, गुरं अडतात. काट्या ओढलेल्या वाटेवर ट्रॅक्टर नेण्याआधी वाट झाडून घ्यावी, टायरचं पंक्चर मजुरीपेक्षा महाग पडतं.

मृगाच्या पावसानंतर पुन्हा एक फेरी. माती ओली असताना वीतभर रोप मुळासकट हाताने निघतं.