सुटणारा ब्रेक

ब्रेकचं कौतुक होतं ते त्याने गाडी धरली म्हणून. सोडली म्हणून त्याला कोणी शाबासकी देत नाही. पण तीस वर्षं जुन्या स्पोर्ट्स कारची चाकं उतरवली की लक्षात येतं, या वयात धरणं अजून जमतं. सोडणंच जड जातं. (माणसांबद्दल बोलत नाही आहे.)

माझदाची पहिली एमएक्स-५ घ्या. १९८९ साली शिकागोच्या मोटर शोमध्ये अवतरलेली, जपानात युनोस रोडस्टर म्हणून विकलेली, दोन माणसांपुरती, टनाच्या आतली गाडी. घरी ब्रेक शिकायला याहून सोशिक गाडी मिळणं कठीण. सामान मागवताना मात्र इंजिन सांगा: १.६ लिटरवाल्या गाडीची पुढची डिस्क २३५ मिलिमीटरची, १.८ वालीची २५५.

डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला, म्हणजे डिस्कला, दोन पॅड चिमटतात. कॅलिपर नावाच्या पकडीतला पिस्टन ते दाबतो. त्याला मागे खेचायला स्प्रिंग नसते. पिस्टनला वेढून एक चौकोनी छेदाची रबरी रिंग बसलेली असते. पेडल दाबलं की पिस्टन सरकतो आणि रिंग त्याच्याबरोबर किंचित पिळली जाते. पाय उचलला की ती पीळ सोडते आणि पिस्टनला केसभर मागे आणते. ब्रेक सुटतो तो एवढ्याशा पिळावर. धूळ अडवणारं बाहेरचं रबर फाटून पाणी आत गेलं, पिस्टनवर गंज चढला, की त्या रिंगची ताकद पुरत नाही. पॅड डिस्कला घासत राहतं, चाक तापतं.

कुठलं चाक अडतंय ते शोधायला शहाणपण लागत नाही. फेरफटका मारून या, शेवटी ब्रेक शक्य तितका कमी वापरा आणि प्रत्येक चाकाजवळ तळवा धरा. हात लावू नका. मग सपाट जागेवर गाडी जॅकने उचलून स्टँडवर ठेवा (नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीजवळ वाकायचंसुद्धा नाही) आणि चाक हाताने फिरवा. हलकी खरखर चालते. अर्ध्या फेऱ्यात थांबलं, तर पेडल एकदा दाबून सोडा आणि त्या कॅलिपरचं ब्लीड निपल (हवा आणि ऑइल काढायची छोटी तोटी) जरा उघडा. थोडं ऑइल उडून चाक मोकळं झालं, तर दाब अडकला होता. अशा वेळी रबरी नळीवर संशय घ्यावा. ती आतून फुगते आणि एकतर्फी झडपेसारखी वागते: पायाच्या जोराने ऑइल जातं, परत यायला जोर नसतो. बाहेरून नळी अगदी धडधाकट दिसते. निपल उघडूनही चाक जड राहिलं, तर पिस्टन किंवा सरकपिना (ज्यांवर कॅलिपर सरकतो त्या) जाम झाल्यात.

पिना बाहेर काढून चकचकीत पुसा आणि सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. बेअरिंगचं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं. भोकात ग्रीस कोंबलं तर आत हवा अडकते आणि पिन दाबली की उलटी बाहेर येते. पाहायला गंमत वाटते, पण पॅड मात्र तिरपं झिजतं.

नव्या पॅडसाठी पुढचा पिस्टन आत ढकलण्याआधी ब्रेक ऑइलच्या टाकीतलं थोडं ऑइल सिरिंजने काढा. वर येऊन सांडलं तर रंग खातं. सांडलंच तर लगेच भरपूर पाणी ओता.

मागचे कॅलिपर हे खरं प्रकरण. हँडब्रेकची यंत्रणा त्या पिस्टनच्या आतच आहे, त्यामुळे क्लॅम्प लावून दाबलं तर ती मोडते. कॅलिपरच्या मागच्या बाजूला १४ मिलिमीटरच्या पान्याचा एक बोल्ट दिसतो. तो नुसतं झाकण आहे. आत ४ मिलिमीटरची ॲलन की (षटकोनी चावी) बसते. उलटी फिरवली की पिस्टन मागे. नवे पॅड बसवून सुलटी फिरवा, डिस्क अडेपर्यंत. मग एक तृतीयांश फेरा मागे. ही जुळणी हँडब्रेकची केबल पूर्ण ढिली ठेवून साधायची. पुष्कळ जण आधी केबल ताणतात. हँडब्रेक झकास लागतो, पण कॅलिपरवरचा दांडा विसाव्याच्या जागी परतत नाही आणि महिन्याभरात पॅड संपतात.

ब्रेक ऑइल डॉट ४ प्रतीचं, दर दोन वर्षांनी बदलायचं. कोरडं असताना त्याचा उकळबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असतो. पाणी शोषल्यावर मानकाची किमान मर्यादा १५५. उकळलं की वाफ, आणि वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल खाली बसतं. एक लिटर आणलं की भागतं. हवा काढताना पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवा. रोजच्या वापरात पेडल तळाला जात नाही. मास्टर सिलिंडरचा (पेडल ज्यावर दाब देतं त्याचा) तळाकडचा न वापरलेला भाग गंजलेला असू शकतो, तिथवर गेलेलं आतलं रबर फाटतं.

चाकाचे नट ८८ ते ११८ न्यूटन-मीटरला, टॉर्क रेंचने (जोर मोजणाऱ्या पान्याने) आवळा. गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबत राहा, कारण पहिले काही दाब पॅड जागेवर आणण्यातच जातात. मग जराशा उतारावर, समोर मोकळी जागा पाहून, गिअर न्यूट्रलला ठेवा आणि एक पाय पेडलवर तयार ठेवून हँडब्रेक सोडा. गाडीने आपणहून, धक्का न देता, निघायला हवं.