नोझावातली संध्याकाळ

आज दिवसभर नोझावा ओन्सेनच्या उतारांवर स्कीइंग केलं. जपानच्या नागानो प्रांतातलं हे गाव. इतका भुसभुशीत बर्फ मी आजवर पाहिला नव्हता. १९११ मध्ये एका ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्याने शेजारच्या निगातामध्ये जपानी सैनिकांना स्कीइंग शिकवलं, तिथून ही कला इकडे रुजली.

पण मनात घर केलं ते संध्याकाळी. गावात गरम पाण्याची १३ सार्वजनिक स्नानगृहं आहेत. ती गावकरीच आळीपाळीने राखतात. तिकीट नाही, दाराशी फक्त दानपेटी. मी त्यांतल्या 'ओयू' नावाच्या स्नानगृहात गेले. आधी कुंडाबाहेरच अंग धुवायचं, मग पाण्यात उतरायचं. पाऊल टाकलं आणि झटकन मागे घेतलं, इतकं कढत! कोपऱ्यातल्या एका आजींनी बादलीने पाणी घेऊन माझ्या पायांवर हळूहळू ओतलं, मग गुडघ्यांवर, मग खांद्यांवर. त्यांचं बोलणं एक अक्षर कळलं नाही, पण हात सगळं सांगत होते. थोड्याच वेळात मांड्यांचा ठणका कुठल्या कुठे गेला.

वर 'ओगामा'चं कुंड आहे, जवळपास ९० अंशांचं. गावातल्या बायका त्यात भाज्या, अंडी उकडतात. पाहुण्यांना आत जाता येत नाही आणि ते मला अगदी योग्य वाटलं. दुसऱ्याच्या चुलीपाशी आपण थोडेच घुसतो?

जेवताना नोझावानाच्या पाल्याचं लोणचं होतं. आंबटखारट, करकरीत. हा पाला हिवाळ्याच्या तोंडावर याच गरम पाण्यात धुतात म्हणे. मी तीनदा वाढून घेतलं.

उद्या पुन्हा उतारावर. आणि संध्याकाळी दुसरं स्नानगृह.