मैदान आखणारे सर

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठवा, असा निरोप आला. सोबत विषयांची यादी होती: शिक्षक, स्नेहसंमेलन, ग्रंथालय, सहली. यादी वाचली आणि कळलं, की मला फक्त गणिताच्या सरांविषयी आणि त्यांनी उभ्या केलेल्या फुटबॉल क्लबविषयी लिहायचं आहे. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये. सरांचं नाव लिहीत नाही. त्यांना ते आवडत नाही, आणि हा अंक वाचणाऱ्या कुणाला त्याची गरजही नाही.

क्लबची सुरुवात १९८६ च्या विश्वचषकानंतरची. मॅराडोनाने इंग्लंडच्या अर्ध्या संघाला चकवून केलेला तो गोल ज्यांनी पाहिला होता ते आणि ज्यांनी नुसता ऐकला होता तेही, शाळा सुटल्यावर मैदानावर तेच करायला बघत होते. सगळे चेंडूच्या मागे, आणि तीन चतुर्थांश मैदान मोकळं. सर सायकलला टेकून हे बघत उभे राहायचे. मग एका संध्याकाळी शिट्टी घेऊनच आले. शाळा सुटल्यानंतर मैदान वापरायची परवानगी त्यांनी मुख्याध्यापकांकडून मिळवली आणि दुसऱ्या दिवशी एक दोनशे पानी वही उघडली. क्लबची घटना, कार्यालय आणि तिजोरी म्हणजे ती वही.

पगार कुणालाच नव्हता. कारखान्यातली पहिली पाळी संपवून एकाचे वडील यायचे, ते गोलरक्षकांना शिकवायचे. कुणाची आई फाटलेल्या जर्सी शिवून द्यायची. दवाखान्यात कंपाउंडर असलेले काका प्रथमोपचाराची पेटी सांभाळायचे. वहीत प्रत्येकाच्या नावापुढे काम लिहिलेलं असे, आणि मुलंही त्यातून सुटत नसत. जाळं कुणी बांधलं, कुणी सोडलं, चेंडूत हवा कुणी भरली, याची नोंद गोलांच्या नोंदीच्या वरच्या बाजूला असायची. एखादी संस्था दोन वर्षांत का बंद पडते आणि दुसरी इतकी वर्षं का टिकते, याचं उत्तर मला त्या पानांत दिसतं. आमच्याकडे सगळं एकाच्या अंगावर कधी पडलं नाही. मुलीही लवकरच खेळू लागल्या. आठवी ब मधली ताई आधी संघात आली, पुढे हिशेब बघू लागली आणि नंतर लहान गटाची प्रशिक्षक झाली. त्या काळात ही सोपी गोष्ट नव्हती, पण सरांनी तिच्यावर कधी भाषण केलं नाही. वहीत तिचं नाव लिहिलं आणि पुढे गेले.

भारतीय फुटबॉल संघाचे जुने प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्याविषयी सर भरभरून बोलत. रहीमसाहेब पेशाने शिक्षक होते, याचा सरांना विशेष अभिमान. त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ आणि १९६२ च्या आशियाई खेळांत सुवर्णपदक मिळवलं आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक. त्याच मेलबर्नला नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले, हे सरांकडून ऐकताना आम्ही पेनल्टी बॉक्समध्ये, म्हणजे गोलसमोर आखलेल्या चौकोनात, मांडी घालून बसलेलो असायचो. रहीमसाहेबांनी हैदराबादेत फक्त कमजोर पायाने खेळायचे सामने भरवले होते, म्हणून आमच्याकडेही शुक्रवार डाव्या पायाचा. माझा डावा पाय आजही बरा चालतो तो त्या शुक्रवारांमुळे.

पण मला सांगायचं आहे ते रेषांविषयी.

सामन्याच्या दिवशी मैदान आम्हीच आखायचो. कोपरा काटकोनात यावा म्हणून सरांची एक दोरी होती, तिला दर मीटरला गाठ. तीन, चार, पाच अशी ताणली की कोपरा आपोआप बरोबर येतो. पायथागोरसचं प्रमेय आम्हाला नववीत फळ्यावर भेटलं, तोवर ते आमच्या हातून कितीतरी वेळा सिद्ध होऊन गेलं होतं. एकदा आंतरशालेय सामन्याच्या सकाळी अवेळी पाऊस आला आणि सगळा फक्की केलेला चुना वाहून गेला. पाहुणा संघ येऊन थांबलेला. त्यांचे प्रशिक्षक म्हणाले, चालेल हो, अंदाजाने खेळू. सर म्हणाले, "अंदाजाने पेनल्टी द्यायची नसते." मग त्यांनी दोन्ही संघांना बोलावलं आणि दोरीचं एक टोक आमच्या कर्णधाराच्या, दुसरं पाहुण्यांच्या कर्णधाराच्या हातात दिलं. अर्धं मैदान त्यांनी आखायचं, अर्धं आम्ही.

पाहुण्यांपैकी एका बारक्या मुलाने विचारलं, की बॉक्सच्या बाहेर तो अर्धगोल कशाला काढायचा, त्याचा उपयोग काय. सामन्याला उशीर होत होता. तरीही सर खाली उकिडवे बसले आणि ओल्या मातीत काडीने आकृती काढून त्याला सांगू लागले. पेनल्टीची खूण गोलरेषेपासून ११ मीटरवर. पेनल्टी घेताना किक मारणारा आणि गोलरक्षक सोडून सगळ्यांनी त्या खुणेपासून ९.१५ मीटर लांब राहायचं. बॉक्सची रेषा गोलरेषेपासून १६.५ मीटरवर, म्हणजे खुणेपासून फक्त साडेपाच. तेव्हा नुसतं बॉक्सबाहेर उभं राहून भागत नाही. खुणेवर खुंटी ठोक, ९.१५ ची दोरी फिरव, आणि वर्तुळाचा बॉक्सबाहेर उरलेला तुकडा तेवढा चुन्याने काढ. तो मुलगा म्हणाला, "मग मी काढू?" आणि त्याने काढला. आमच्या मैदानावरचा इतका सुबक कंस मी पुन्हा पाहिला नाही.

सामना कुणी जिंकला ते वहीत असेल. मला तो कंस आठवतो, आणि सरांच्या पँटचे चिखलाने भरलेले गुडघे.

आज मी भूमापनाच्या व्यवसायात आहे. माझ्या हाताखाली माणसं आहेत, उपग्रहाच्या मदतीने सेंटिमीटरपर्यंत मोजणारी यंत्रं आहेत. गेल्या वर्षी माझ्या कामाचा सन्मान झाला तेव्हा व्यासपीठावर मला बोलायला सांगितलं, आणि मी त्या गाठींच्या दोरीबद्दल बोललो. जे काही मी झालो, ते त्या मैदानावर झालो.

सरांची दूरदृष्टी आता वाचताना कळते. लहान गटाला ते हेडिंग, म्हणजे डोक्याने चेंडू मारणं, करू देत नसत, पालक कुरकुरले तरी. २०२० मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडच्या फुटबॉल संघटनांनी प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांना सरावात हेडिंग शिकवू नये असं ठरवलं, तेव्हा मी तो मजकूर सरांना फोनवर वाचून दाखवला. हलवता येणाऱ्या गोलपोस्टला मागून वाळूच्या गोण्या लावल्याशिवाय ते सराव सुरू करत नसत आणि दांड्याला लोंबकळणाऱ्याला तिथल्या तिथे घरी पाठवत. उलटलेल्या गोलपोस्टखाली मुलं दगावल्याच्या घटना जगात घडल्या आहेत. आमच्याकडे एकालाही खरचटलं नाही. १९९२ मध्ये सहकाऱ्याने पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घ्यायचा नाही असा नियम आला. सरांनी त्याच आठवड्यात गोलरक्षकांना बचावफळीबरोबर पासिंगला उभं केलं.

आता मैदानाकडे गेलो की जीव कासावीस होतो. मागची बाजू बांधकामात गेली, ते समजू शकतं, वर्ग हवेतच. पण उरलेल्या भागाला संध्याकाळी कुलूप असतं. मुलं भाड्याच्या टर्फवर तासाच्या हिशेबाने खेळतात. तिथे रेषा आधीच रंगवलेल्या असतात, जाळं कायमचं बांधलेलं असतं, आणि तास संपला की दिवे बंद. त्यांचे बूट आमच्यापेक्षा चांगले आहेत, कौशल्यही. पण खेळ संपल्यावर जाळं सोडायला थांबायचं, थांबता थांबता मोठ्यांच्या गप्पा ऐकायच्या, हे त्यांना कुठून मिळणार? आणि रेषेबाहेर उभे राहून स्वतःच्या मुलावर ओरडणारे पालक पाहिले की मला ते कंपाउंडर काका आठवतात. ते पडलेल्या कुणाच्याही मुलाकडे सारख्याच वेगाने धावत.

सरांनी गेल्या दिवाळीत वह्या माझ्याकडे सोपवल्या. त्या मी शाळेला देणार आहे. त्या ग्रंथालयात उघड्या कपाटात ठेवाव्यात, मुलांना चाळता येतील अशा. आणि संस्थाचालकांना हात जोडून विनंती आहे, की आठवड्यातून दोन संध्याकाळी तरी फाटक उघडं ठेवावं. प्रथमोपचाराला, हिशेबाला, लहान गटाला शिकवायला माणसं मी गोळा करतो. ताईंनी होकार दिला आहे. आमच्या तुकडीतले आणखी काही जण तयार आहेत, आणि सरांनी पहिल्या दिवशी यायचं कबूल केलं आहे.