अँटिगनीचं हायमनवर प्रेम नव्हतं का?

ग्रीक नाटककार सॉफक्लीसच्या ‘अँटिगनी’ या नाटकावर बोलायला बसलं की हा प्रश्न हटकून येतो. भावाच्या प्रेतापायी जीव देणारी ही मुलगी, ज्याच्याशी लग्न ठरलंय त्याचं नावसुद्धा काढत नाही. प्रेमच नव्हतं का? तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

नाटक इसवी सन पूर्व 441 च्या सुमाराचं. थीब्ज या ग्रीक शहराचा राजा ईडिपस, त्याचे दोन्ही मुलगे गादीसाठी लढले आणि एकमेकांच्या हातून मेले. गादी मिळाली त्यांच्या मामाला, क्रेऑनला. त्या दोघांपैकी शहरावर चालून आलेल्या पॉलिनायसीसचं प्रेत कुत्र्या-गिधाडांना टाका, पुरेल त्याला देहदंड, असा त्याचा हुकूम. अँटिगनी ही मेलेल्याची बहीण. हायमन क्रेऑनचा मुलगा, म्हणजे तिचा मामेभाऊ. आते-मामे भावंडांची लग्नं आपल्याकडेही होतात, तेव्हा हे नातं तुम्हाला उलगडून सांगायला नको.

तिने प्रेतावर कोरडी माती टाकली. पहारेकऱ्यांनी ती झाडून काढली. मग भरदुपारी वावटळ उठली आणि ओसरल्यावर पाहतात तर ती पुन्हा तिथे उभी. घरटं रिकामं दिसलेल्या पक्षिणीसारखी ओरडत होती, हातांनी माती टाकत होती, घागरीतून तीनदा धार सोडत होती. पकडल्यावर तिने काही नाकारलं नाही. देवांच्या अलिखित कायद्यावर तुझा हुकूम चालत नाही, असं क्रेऑनला तोंडावर सांगितलं.

आता हायमन. दोघं एकदाही एकत्र रंगमंचावर येत नाहीत. ‘लाडक्या हायमन’ असा उद्गार एकदाच येतो आणि हस्तलिखितांत तो तिच्या बहिणीच्या, इस्मिनीच्या तोंडी आहे. काही संपादकांनी तो अँटिगनीला देऊन टाकला. त्यांना तसं का वाटलं ते कळतं, पण मला पटत नाही, आणि त्याची गरजही नाही. शिक्षा म्हणून गुहेत जिवंत गाडली जायला निघाल्यावर ती रडते कशासाठी ते बघा. लग्नाची गाणी झाली नाहीत, नवरा नाही, मूल नाही. थडग्यालाच ती आपली लग्नाची खोली म्हणते. लग्न नकोसं असलेली मुलगी असं रडेल?

तिथेच ती जे बोलते ते पुष्कळांना खुपतं. नवऱ्यासाठी, मुलासाठी मी हे केलं नसतं, कारण नवरा दुसरा मिळतो, मूल दुसरं होतं. आईबाप गेल्यावर भाऊ कुठून आणायचा? या ओळी कुणीतरी बनावट ठरवाव्यात अशी जर्मन कवी गटेची इच्छा होती. पण ॲरिस्टॉटल त्या उद्धृत करतो, म्हणजे त्या जुन्याच आहेत. मला तर त्या फार खऱ्या वाटतात. मरायला निघालेलं माणूस स्वतःलाच समजावत असतं.

हायमनही बापापुढे प्रेमाची भाषा करत नाही. शहर दबक्या आवाजात या मुलीसाठी हळहळतंय, आणि एकाच माणसाच्या मालकीचं ते शहरच नव्हे, असं तो सांगतो. तो संतापून निघून गेल्याबरोबर कोरस, म्हणजे नाटकातला गाणारा समूह, गातो तो मात्र कामदेव इरॉसवर. ॲथेन्सच्या प्रेक्षकांना काय ते कळलं असणार.

काहीजण म्हणतात, सगळा नियतीचा खेळ, घराण्याचा शाप. कोरसही तिला म्हणतो की तू बापाचं भोगते आहेस. पण तोच कोरस, आंधळा भविष्यवेत्ता टायरेसिअस याच्या इशाऱ्याने हादरलेल्या क्रेऑनला सांगतो की आधी मुलीला सोडव, मग मेलेल्याला थडगं दे. क्रेऑन उलटं करतो. आधी प्रेताला स्नान घालतो, ताज्या फांद्यांवर दहन करतो, वर मातीचा उंच ढिगारा रचतो आणि मग गुहेकडे वळतो. तोवर तिने गळफास घेतलेला असतो आणि हायमन तिच्या कमरेला मिठी मारून बसलेला असतो. तो बापावर तलवार उगारतो, वार चुकतो, मग तीच तलवार स्वतःच्या कुशीत खुपसतो. नियतीवर सगळं ढकलणाऱ्यांना मी दूताच्या तोंडची ही हकिकत पुन्हा वाचायला सांगते, आणि क्रेऑन आधी कुठे गेला तिथे थांबायला सांगते.