पालघाटची खिंड ओलांडताना

उटीचे तीन दिवस एका ओळीत सांगते: गर्दी, हॉर्न, बोटिंगची रांग, लॉजवर सकाळी गरम पाणी नाही. परत जाणार नाही. पण दोड्डाबेट्टाच्या रस्त्यावर शोला जंगलाच्या (डोंगरमाथ्यावरची ठेंगणी, दाट झाडी) कडेला नीलगिरी लाफिंगथ्रश हा पक्षी दिसला, तांबूस छाती, काळी हनुवटी, ठळक पांढरी भुवई, आणि झुडपात बसून सगळे मिळून खिदळत होते, तेवढ्यासाठी त्या तीन दिवसांचं सगळं माफ.

नंतर कोडाईकनालला निघालो. नकाशात जवळ वाटतं पण बस आधी पूर्ण डोंगर उतरते, 2240 मीटरवरून कोइंबतूरला 400 च्या आसपास, मग पोल्लाची, उडुमलपेट, पलनी आणि परत घाट. उडुमलपेटच्या पुढे बस चहाला थांबली. जूनचा पहिला आठवडा, सह्याद्रीच्या रांगेतल्या रुंद, सपाट पालघाटच्या खिंडीतून वारा असा येत होता की पदर सावरता येईना, चौफेर पवनचक्क्या, नारळाच्या बागा आणि ऊन. उटीचे स्वेटर अजून आमच्या मांडीवर होते.

ताईला सांगितलं, की आपण आत्ता जो सपाट पट्टा ओलांडला ना, त्याच्या पलीकडे तो पक्षी नाही, तिथे त्याचा भाऊबंद आहे, पलनी लाफिंगथ्रश, वेगळी प्रजाती. ताई म्हणाली, "अगं पण पंख आहेत ना त्यांना? उडत का नाही जात?"

मला हा प्रश्न इतका आवडला की चहा गार झाला. पंख आहेत, पण हे पक्षी थंड डोंगरमाथ्यावरच्या झुडपांतले, या झुडपातून त्या झुडपात जाणारे, साधारण 1200 मीटरच्या खाली ते राहत नाहीत. त्यांच्यासाठी ही तीस-चाळीस किलोमीटरची उघडी, तापलेली खिंड म्हणजे समुद्रच. मग लाखो वर्षं अलीकडचे अलीकडेच आणि पलीकडचे पलीकडेच जोड्या करत राहिले, दोन्हीकडे जनुकांत बारीकसारीक बदल साठत गेले, इकडचा तिकडे पोचलाच नाही, त्यामुळे रंग वेगळे झाले. शोलाकिली नावाच्या छोट्या निळसर पक्ष्याचंही तेच, खिंडीच्या उत्तरेला एक, दक्षिणेला दुसरा. 2017 साली शास्त्रज्ञांनी या दोन्ही गटांना स्वतंत्र जीनस (प्रजातींच्या वरचा गट) दिले, कारण जनुकांवरून कळलं की हे इतर नातेवाईक पक्ष्यांपासून वेगळे वंश आहेत.

ड्रायव्हरने हॉर्न मारला तरी ताई पवनचक्क्यांकडे बघत होती.

कोडाईत दुसऱ्या सकाळी दिसलाच तो! छातीवर करड्या रेघा, काळी हनुवटी नाही, पोट मात्र तांबूस. याचं शास्त्रीय नाव फेअरबँकाय, 1869 मध्ये दिलेलं, आमच्या नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये राहिलेल्या फेअरबँक यांच्यावरून. नगरची असून मला हे इतकी वर्षं माहीत नव्हतं, फार भरून आलं.

ताईने उटीचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड केला होता. "लावू का? बघू ओळख देतो का." मन खूप झालं. खरं तर हाच तर प्रश्न आहे, हे दोघे समोरासमोर येतच नाहीत, मग जोडी जमली असती का हे निसर्गात कधी कळतच नाही, प्रजाती वेगळी का ते रंग, जनुकं आणि आवाजावरूनच ठरवावं लागतं. पण पिल्लांचे दिवस, उगाच घाबरून घरटं सोडलं तर? नको म्हटलं ताईला. तिने फोन पर्समध्ये टाकला, आणि तेवढ्यात झुडपातून तीन-चार जण एकदम खिदळले.