रिकामं घर जास्त पाणी पितं

कोल्हापूर. शुक्रवार संपून शनिवार लागलाय, पावणेदोन वाजलेत.

एडिसनला, अमेरिकेतल्या आमच्या घरी, समुद्री मासे आणि प्रवाळांची टाकी आहे. इथून मोबाइलवर तिचा कॅमेरा बघतोय, आणि तिच्या डब्यातलं पाणी टेपच्या खुणेवर नाही. चांगलं चार बोटं खाली आहे.

टाकीतलं पाणी उडून कमी होतं, ते भरून काढायचा हा गोड्या पाण्याचा डबा, 40 लिटरचा. निघताना काठोकाठ भरला आणि दर पाच लिटरला टेपची पट्टी लावली, कॅमेऱ्यात दिसेल अशी. गेल्या रविवारची दुपार ते तिकडची आजची दुपार, पाच दिवस झाले. रोजचे 3 लिटर धरले तर 15 जायला हवे होते. गेलेत 23.

ते 3 लिटर मी अंदाजाने धरले नव्हते. ऑक्टोबरात सलग सात दिवस मोजले होते, रोज रात्री दिवे बंद झाल्यावर. आठवड्याला 21 लिटर. त्यावरच सगळं बेतलं. 40 लिटर तेरा दिवस पुरतात, म्हणून वहिनींना दहाव्या दिवशी, बुधवारी, डबा भरायला सांगितलं. तीन दिवसांची सवड ठेवल्याबद्दल स्वतःवर खूषही होतो.

जेवताना आईने विचारलं, तोंड का पडलंय. म्हटलं, टाकीतलं पाणी कमी होतंय. "मग मोटर लाव की."

पहिली शंका गळतीची आली. पण गळती असेल तर खारं पाणी जातं आणि त्याच्या जागी एटीओ, म्हणजे पातळी उतरली की डब्यातून आपोआप पाणी घालणारा पंप, गोडं भरतं. म्हणजे क्षारता, लिटरला साधारण किती ग्रॅम मीठ ती, उतरायला हवी. सम्प, म्हणजे टाकीखालची जोडटाकी, धरून पाणी 300 लिटर. त्यातलं 8 लिटर खारं जाऊन 8 लिटर गोडं आलं तर 35 वरून 34.1 व्हायला पाहिजे. क्षारता मोजणारा प्रोब 35.1 दाखवतोय. प्रोबवर माझा फारसा विश्वास नाही, बुडबुडा चिकटला तरी आकडा घसरतो. पण बुडबुड्याने तो कमीच दाखवतो, जास्त नाही. तेव्हा गळती नाही. स्किमर, म्हणजे फेसातून घाण काढणारं यंत्र, ओसंडला असता तरी हेच झालं असतं, क्षारता उतरली असती. शिवाय त्याचा कप कॅमेऱ्यात अर्धाच भरलेला दिसतो. आधीच तो कोरड्या फेसावर आणून ठेवलाय आणि निघण्याच्या आठवड्यात त्याची मान मुद्दाम धुतली नाही. स्वच्छ धुतलेला स्किमर एकदोन दिवस वेड्यासारखा वागतो.

सायफन? एटीओच्या नळीचं टोक सम्पमधल्या पाण्यात बुडालेलं असेल आणि डबा वरच्या अंगाला असेल, तर पंप थांबला तरी पाणी नळीतून येतच राहतं. ते टोक मी पाण्याच्या वर चार इंच क्लिपने धरून ठेवलंय. आणि तसं झालं असतं तर सम्पची पातळी चढली असती. ती रेघेवर आहे, केसभरही इकडेतिकडे नाही.

म्हणजे पाणी उडूनच जातंय. दीडपट वेगाने.

किती वाजता सुचलं आठवत नाही, पण सुचल्यावर हसू आलं आणि मग वाईट वाटलं. ऑक्टोबरात मोजलं तेव्हा त्या घरात आम्ही होतो. सकाळी कुकर, मग डोसे, चार जणांच्या आंघोळी, बेसमेंटमध्ये दोरीवर वाळणारे कपडे. ती सगळी वाफ घरातल्या हवेत होती. आता डिसेंबर, एडिसनची बाहेरची हवा थंडीने कोरडी झालेली, तीच आत येते आणि तिच्यात ओल घालायला घरात माणूसच नाही. टाकीचं पाणी तेच, साडेपंचवीस अंशांचं. ते किती उडतं ते वरची हवा किती तहानलेली आहे त्यावर ठरतं. आम्ही निघालो आणि हवेची तहान वाढली.

वर आणखी शहाणपणा मी केला. गॅसचं बिल वाचवायला घराचं हीटिंग 60 फॅरनहाइटवर आणून ठेवलं, म्हणजे साडेपंधरा सेल्सिअस. खाली कोमट पाणी, वर गार हवा. पाण्यालगतची हवा कोमट, दमट आणि हलकी होऊन वर उठते, तिच्या जागी गार कोरडी खाली येते. हा पंखा मी स्वतः लावून आलोय, वायरशिवाय.

हीटरचा आलेख तेच सांगतो. 150 वॅटचे दोन आहेत. 300 चा एकच घ्यायचा नाही, तो चालू अवस्थेत चिकटला तर सगळं उकडतं. दोन असले की एक चिकटला तरी दुसरा बंद राहतो, आणि एक मेला तरी दुसरा तग धरतो. आम्ही घरी होतो तेव्हा ते दिवसातले सहा-सात तास चालायचे, आता सोळा. एक लिटर पाणी उडून जाताना साधारण 0.68 युनिट उष्णता घेऊन जातं. रोजचे 4.6 लिटर म्हणजे तीन युनिटांहून जास्त. गॅसचे चार पैसे वाचवले आणि विजेला दिले, वर पाणीही घालवलं.

हीटिंग मी मघाशी मोबाइलवरून 66 वर नेलं. टाकी साडेचोवीसला आणली, एकदम नाही, दोन दिवसांत उतरेल अशी. याने फार तर सात-आठ टक्के वाचतील. लाटांचे पंप कमी करायचा मोह झाला होता, कारण पृष्ठभाग जितका हलता तितकं पाणी जास्त उडतं. पण हात आवरला. पृष्ठभाग हलतो म्हणून तर प्राणवायू पाण्यात उतरतो. 25 अंशांच्या समुद्राच्या पाण्यात तो लिटरला पावणेसात मिलिग्रॅमच मावतो, गोड्या पाण्यात सव्वाआठ. तिथे काटकसर करायची नाही.

आता डब्यात 17 उरलेत. मंगळवारी सकाळी संपतील. वहिनी येणार बुधवारी संध्याकाळी. मधला दीड दिवस.

त्या दीड दिवसात काय होईल हे तीनदा मांडून पाहिलं. 7 लिटर उडतील. क्षारता 35 ची 35.8 होईल, प्रवाळाला त्याचं काहीच नाही. म्हणजे ज्या भीतीने छातीत धडधडतंय ती भीती खोटी. अडचण आहे ती वेगळीच. मोठ्या टाकीची पातळी कधीच उतरत नाही, ती जादा पाणी खाली सोडणाऱ्या ओव्हरफ्लोच्या दातांवर ठरलेली असते. सगळी घट सम्पच्या शेवटच्या कप्प्यात दिसते, पाणी वर टाकीत परत चढवणारा रिटर्न पंप असतो तिथे. तो कप्पा 30 बाय 25 सेंटीमीटरचा. 7 लिटर म्हणजे तिथे सव्वानऊ सेंटीमीटर. आज पाणी 20 वर आहे, पावणेअकरावर येईल. पंप साधारण दहाला भोवरा करून हवा ओढायला लागतो, टाकीत बारीक बुडबुड्यांचं दूध होतं, आणि त्याच्याही खाली गेला तर कोरडा फिरून जळतो.

पाऊण सेंटीमीटर वाचतंय. पेन्सिलीच्या जाडीएवढं.

आणि एक गोष्ट वहिनींच्या कागदावर लिहायचीच राहिली. डबा रिकामा झाला की एटीओचा पंप दहा मिनिटं कोरडा ओढतो आणि मग कंट्रोलर त्याला कुलूप घालतो. ही सोय चांगल्यासाठीच आहे, पातळी ओळखणारा फ्लोट अडकला तर सगळा डबा सम्पमध्ये ओतला जाऊ नये म्हणून. पण नंतर डबा भरला तरी तो आपणहून उठत नाही. प्लग काढून पुन्हा लावावा लागतो. वहिनी डबा भरून जातील, मला भरलेला डबा दिसेल, मी झोपेन, आणि पाणी तिथेच बसून राहील.

बाकी सगळं तर नीट केलं होतं, हेच जास्त टोचतंय. गाळणीच्या पिशव्या काढून ठेवल्या, कारण त्या चार दिवसांत तुंबतात आणि पाणी वरून जायला लागतं. खाणं औषधांच्या गोळ्यांच्या सात खणी डबीत वार लिहून ठेवलं, मोजून, डबी रिकामी म्हणजे काम संपलं. मालक परगावी असताना टाक्या मरतात त्या बहुतेक मायेने. मासे काचेपाशी आले की माणसाला ते भुकेले वाटतात. धडधाकट क्लाउनफिश आठवडाभर काही न खाता सहज काढतो. प्रवाळासाठी देतो ती चुन्याची निवळी बंद केली. एरवी ती एटीओच्या पाण्यातूनच देतो, पण तिचा पीएच बाराच्या वर, फ्लोट अडकला तर सबंध टाकी भाजते. तिच्याऐवजी थोडंथोडं द्रावण घालणारा डोसिंग पंप वाढवला, तोही निघण्याच्या तीन आठवडे आधी, अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पेलायची ताकद, साडेआठवर स्थिर होईपर्यंत रोज तपासून. ॲनिमोन, तो फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी, चालत जाऊन लाटांच्या पंपात अडकू नये म्हणून पंपाला स्पंजची जाळी घातली. प्रत्येक वायरला सॉकेटच्या खाली झोळ दिला, थेंब आला तर फरशीवर पडावा, प्लगमध्ये शिरू नये. उलटे झाले की सरळ होता येत नाही असे शंख निघायच्या आधी दुसऱ्याला देऊन टाकले. इतकं.

आणि पाणी मोजलं ते माणसांनी भरलेल्या घरात.

ॲपमध्ये दोन चौकटी आहेत. एक सम्पची. दुसरी आईच्या हॉलची, तीन वर्षांपूर्वी लावलेली. आत्ता तिच्यात मीच दिसतोय, खुर्चीत, पाठमोरा. ते राहू दे.

उपाय पाच मिनिटांचा आहे, हे मला दोन तासांपूर्वीच कळलेलं होतं. वहिनी तिकडच्या शनिवारी तशाही येणार आहेत, खाणं घालायला. तेव्हाच बेसमेंटमधल्या साठ्यातून 10 लिटर आणून ओतलं की दोन दिवसांहून जास्त मिळतात, बुधवार आरामात पार पडतो. साठाही पुरतो. वीस दिवसांचे 92 लिटर लागतील, डब्यातले 40 आणि खालचे 60 धरून 100 आहेत. प्रश्न एवढाच की 10 लिटर म्हणजे 10 किलो, जिन्याच्या तेरा पायऱ्या, आणि वहिनींचा गुडघा. म्हणून तर बुधवार ठरवला होता, त्या दिवशी दादा घरी असतात. मागच्या वेळचं त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. मी मात्र ते अजून

नाही, आणि सकाळी पाच वाजता निघायचंय. मालवण. मुलांना पाण्याखालचं प्रवाळ दाखवायचं आहे. तिथलं सागरी अभयारण्य 1987 सालचं, तिथल्या प्रवाळाला हात लावायला कायद्याने बंदी. चार महिने धो धो पाऊस कोसळून वरचं पाणी गोडसर होतं, तरी ते खाली आपलं उभं. मला तिथे रेंज असेल का एवढंच बघायचंय. हे लिहून पुन्हा वाचलं आणि स्वतःचीच कीव आली, मग हसू. चार तास गाडीने जाऊन समुद्रात उतरायचं आणि डोक्यात एडिसनमधला तीस बाय पंचवीसचा कप्पा.

एक बरं केलं होतं. बेसमेंटमधल्या डब्यांवर मराठीत चिठ्ठ्या लावल्या होत्या. निळ्यांवर "गोडं", हिरव्यांवर "खारं". खारं तिथे ठेवावंच लागतं, काही बिघडलं तर बदलायला 40 लिटर तयार हवं. पण त्यातलं 10 लिटर चुकून एटीओच्या डब्यात पडलं तर साडेतीनशे ग्रॅम मीठ वाढतं आणि क्षारता एकाहून जास्त चढते. एकदा झालं तर चालतं. पण ते कुणाला कळत नाही, म्हणून ते तसंच पुढे होत राहतं.

लिहिला शेवटी मेसेज. तीनदा खोडला. "वहिनी, शनिवारी याल तेव्हा जमलं तर बेसमेंटमधून थोडं पाणी आणून एटीओच्या डब्यात घालाल का, अर्धा-अर्धा डबा करून दोन खेपा केल्यात तरी चालेल, एकदम उचलू नका. आणि बुधवारी डबा भरल्यावर काळा प्लग एकदा काढून परत लावा." तिकडे सव्वातीन वाजलेत, दुपारचे. लगेच दोन निळ्या खुणा आल्या.

"अरे त्यात काय, आत्ताच जाते. ओजस आहे घरी, तो उचलेल. हिरवा डबा ना?"

निळा, वहिनी. निळा. हिरवा खारा आहे.